मित्र ताऱ्याची गाडी

"पुढं सरका, पुढं लई जागा हाय!"

वाचनालयाचं दार लोटून ते आत यायचे, तेव्हा आत जेमतेम चार माणसं असायची. दोन वर्तमानपत्रावर, दोन स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांवर. सरकायला कुणी नव्हतं आणि सरकायचं काही कारणही नव्हतं. तरी हे वाक्य ठरलेलं. मग खिशातून तिकिटाचा जुना पंच काढायचा आणि माझ्या टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवायचा. टेबलाची ती कडा आजही खरवडलेली आहे. मी भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी लावली होती. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर हाय बाई. पॅसिंजर लई गोंधळ करतेत."

आमचं गाव तेलगावच्या अलीकडचं. गावच्या वाचनालयात मी वीस वर्षं ग्रंथपाल आहे. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. उभी हयात बीड-परळी गाडीवर गेली. तिकिटाची मशीन आली तेव्हा जुना पंच जमा करायचा असतो म्हणे, तो यांनी कसा काय ठेवून घेतला ते मी विचारलं नाही. विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे, आजा जलशात गायचा. गावात त्यांना नावानं कुणीच हाक मारत नसे. लहानथोर सगळे 'कंडक्टर' म्हणायचे, किंवा 'कंडक्टर मामा'.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. निवृत्त, तब्येत ठणठणीत, आणि दुपारचं काय करायचं ते ठरलेलं नाही. अशा माणसाच्या हातात चुकूनही विज्ञानाचं मासिक देऊ नका. मी दिलं. पुढच्या सगळ्या मनस्तापाला मीच जबाबदार आहे.

त्या अंकात मित्र नावाच्या ताऱ्यावर एक लेख होता. आपला सूर्य सोडला तर नुसत्या डोळ्यांनी दिसणारा सगळ्यांत जवळचा तारा. जवळचा म्हणजे तिथून निघालेला उजेड इथं पोचायला चार वर्षांहून जास्त लागतात. कंडक्टरांनी तो लेख ओठ हलवत तीनदा वाचला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, हितं जायला गाडी किती टाइम घेती?"

मी पुस्तकांना कव्हर घालत होते. हाताला खळ लागलेली, डोकं तापलेलं. "आजच्या यानानं हजारो वर्षं लागतील," मी म्हटलं. "तुम्ही पोचणार नाही, तुमचे पणतूही पोचणार नाहीत. मासिक जागेवर ठेवा."

ते दोन दिवस आले नाहीत. मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी टेबलावर टक टक झालं.

"बाई, मी लई इचार केला. ड्युटी बदलत जावं लागंल."

"कसली ड्युटी?"

"परळीहून निघालेली गाडी मी काय शेवटपत्तूर न्यायचो का? बीडला मी उतरलो की दुसरा कंडक्टर चढायचा. पॅसिंजर तेच, गाडी तीच. मी घरी जाऊन भाकर खायचो अन् गाडी पुढं जालन्याला. तसंच हे. फकस्त लांब हाय. लेकरं वाटंतच जल्मतील अन् तीच पुढं नेतील."

"आणि जायचंय कुणाला?"

"त्येच तर काम हाय," ते म्हणाले. "आधी लोकाला जायची हौस पायजे. हौस नसंल तर सरकार गाडी कावून बनवील?"

आणि ते कामाला लागले. लेखातला आकाशाचा नकाशा त्यांनी कागदावर उतरवला आणि बसथांब्यावर वेळापत्रकाच्या खाली डकवला. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मित्र. सुटण्याची वेळ : ठरायची आहे. अधिक माहिती वाचनालयात.' अधिक माहिती म्हणजे मी. त्या आठवड्यात सात जण विचारायला आले. एक आजोबा काठी टेकत टेकत आले आणि म्हणाले, "परळीवरून जाती का परस्पर? मला मधी उतरायचंय." मी त्यांना पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

त्या दिवशी मी कंडक्टरांवर खरंच ओरडले. म्हटलं, गावात प्यायच्या पाण्याचा टँकर आठ दिवसांनी येतो, अर्धं गाव दिवाळी झाली की ऊस तोडायला जातं, आणि तुम्ही लोकांना ताऱ्यावर न्यायला निघालात? शरम वाटत नाही?

ते चिडले नाहीत. पंच खिशात ठेवला आणि बाकावर बसले.

"बाई, माझा आजा गावोगाव गायचा. पायी. पोरगं शाळंत घाला, माणसावानी ऱ्हावा, असं गानं. त्यो स्वता कवा शाळंत गेलता? त्याला पाटलाच्या वट्यावर बसू देत न्हवते. त्यानं जे गायलं ते त्याला घावायचं न्हवतं, हे त्याला ठावं व्हतं. तरी गात ऱ्हायला. मग बापानं गायलं. मग मी खाकी घातली, अन् सगळ्या जातीचे लोक माझ्याकडून तिकीट घेऊन, मी म्हनलो तिथं बसले. आता सांगा, ह्यात पोचलं कोन? आजा पोचला का मी?"

मी रागानं हातातलं पुस्तक मिटलं.

"तेवढ्यासाठी गानं लागतं," ते म्हणाले. "जी गाडी आपल्या हयातीत पोचायची न्हाई, ती गान्यावरच चालती."

तर गाणं. धृपद त्यांचं होतं, 'पुढं सरा गं, पुढं सरा रं, पुढं लई जागा.' पहिलं कडवंही त्यांचंच :

दूर दिव्याच्या गावाला गाडी निघाली,
कोन पोचंल ठावं न्हाई, बसनारी बसली.

आणि नियम. कंडक्टर माणूस, नियमाशिवाय त्याला चैन कशी पडणार? वर्षाला एकच कडवं. जास्त नाही. ज्यानं एकदा कडवं दिलं त्यानं पुन्हा द्यायचं नाही, दरवर्षी नवा माणूस हवा. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या सकाळी नवं कडवं गायचं. "अन् एक साल जरी खंड पडला," ते बोट उगारून सांगायचे, "तर गाडी फेल. मग ती कुनी ढकलून चालू व्हायची न्हाई."

गाण्याची वही वाचनालयात राहणार, हेही त्यांनीच ठरवलं. मी नको नको म्हणत असताना त्यांनी वहीवर वाचनालयाचा शिक्का मारून घेतला. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा ती उघडली, कोऱ्या पानांची चळत बघितली आणि विचारलं, "हे काय आहे?" कंडक्टर तिथंच पेपर वाचत होते. म्हणाले, "सायेब, ते पुस्तक अजून चालू हाय. तीन हजार सालापत्तूर संपत न्हाई." साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेले नाही.

दुसरं कडवं विहारात हलगी वाजवणाऱ्यानं दिलं. तिसरं शाळेतल्या शिपायानं. चौथ्या वर्षी मात्र कुणी पुढं येईना. लोकांना गाणं पाठ होतं, लग्नाच्या वरातीतसुद्धा वाजायचं, पण कडवं द्यायचं म्हटलं की सगळे लाजायचे. कंडक्टर रोज माझ्या टेबलाशी. "बाई, तुमी द्या की. एवढी पुस्तकं वाचता."

"मी पुस्तकं सांभाळते. मला कविता येत नाहीत. आणि माझा यावर काडीचाही विश्वास नाही."

"विश्वासाचं कुनी इचारलं? कडवं मागतोय."

तेव्हा त्यांनी तो गाडीचा उद्योग केला. एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर देखावे असतात. टोळ्या तोवर गावी परतलेल्या असतात, त्यामुळे गर्दी भरपूर. यांनी उसाच्या ट्रॉलीवर प्लायवूडची गाडी उभी केली. लाल रंग, खिडक्या, आत शाळेतले बाक, आणि पुढं पाटी : 'आपलं गाव ते मित्र, मार्गे चंद्र'. आत कुणी बसायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. पण मिरवणूक चौकात आल्यावर कंडक्टरांना राहवलं नाही. खाकी घालून पायरीवर उभे होते, त्यांनी माईक घेतला आणि सवयीनं पुकारा केला, "मित्राला जानारी गाडी लागत हाय!"

आपल्याकडे गाडी लागली की माणूस काय करतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. चारी बाजूंनी खिडक्यांतून रुमाल पडायला लागले. रुमाल, टोप्या, उपरणी, एकीची भाजीची पिशवी, एकाची चप्पल. जागा धरायची म्हणजे धरायची, मग गाडी आष्टीला जावो नाहीतर ताऱ्याला. त्यात दोन सख्ख्या चुलतभावांचे रुमाल एकाच खिडकीत पडले आणि बांधावरून असलेलं त्यांचं जुनं भांडण तिथं सुरू झालं. एका पुढाऱ्याचा माणूस ओरडायला लागला, "पुढची जागा दादांची! उठा!" उठणार कोण, तिथं नुसत्या टोप्या होत्या. कंडक्टर पंच वाजवून सांगत होते, "ह्या गाडीला राखीव जागा न्हाई! ज्याचा रुमाल त्याची जागा!" शेवटी लोक चढायलाच लागले आणि प्लायवूडची एक बाजू मोडून खाली आली. कुणाला लागलं नाही हे नशीब.

मला वाटलं, म्हातारा खचेल. महिनाभराची मेहनत मातीत गेली होती. मी त्यांना शोधत गेले तर ते मोडक्या ट्रॉलीवर बसून रुमालांच्या घड्या करत होते. चेहरा घामानं आणि आनंदानं नुसता निथळत होता.

"बाई, बगितलं का? जागा धरली लोकांनी! जिथं जायचं न्हाई तिथली जागा कुनी धरतं का?"

"अहो, ती सवय आहे लोकांची. विचार न करता टाकलेत रुमाल."

"आसंना का. टाकले ना?" आणि मग घड्यांवरून हात फिरवत म्हणाले, "तुमचा मातर न्हाई पडला."

"मी कशाला टाकू?"

"बरं, ऱ्हाऊ द्या. मी धरून ठिवतो तुमची."

मी कपाळाला हात लावला आणि घरी आले.

ते एकतीस रुमाल घरोघर परत करत ते आठवडाभर फिरले. प्रत्येक उंबऱ्यावर एकच प्रश्न, "जागा धरली तर कडवं कवा देता?" भाजीची पिशवी रुक्मिणीची होती. ती आणि तिचा नवरा दरवर्षी टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊस तोडायला जातात. तिची मधली मुलगी तिकडंच, फडाच्या कडेला पाचटानं शाकारलेल्या कोपीत जन्मली. रुक्मिणी पिशवी घेत म्हणाली, "मामा, ह्या गाडीत लेकरं वाटंतच जल्मनार म्हनता ना? मग ते आमाला इचारा की." आणि तिथंच, पिठाच्या हातांनी, तिनं चौथं कडवं सांगितलं :

वाटंवर जल्मली लेक, तिनं गाव न्हाई पाह्यलं,
तिला सांगा गं माय, मागं काय काय राह्यलं.

हे कडवं मी वहीत उतरवून घेतलं तेव्हा मनातल्या मनात दोनदा वाचलं, हे कबूल करते. पण कंडक्टरांना तसं दिसू दिलं नाही.

त्या माघात सकाळी सहाला माझं दार वाजलं. घाबरून उघडलं तर दारात कंडक्टर, अंगावर घोंगडी, हातात फोन. मला काही बोलू न देता त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. पलीकडं कोयत्यांचा खटखट आवाज आणि रुक्मिणी ओरडून बोलत होती, "बाई, दिसला! मामानं सांगितलं तसाच! दक्षिनंला, जमिनीपून एक मूठ वर! आख्खी टोळी कोयते टाकून बगायलीय!" मित्र दक्षिणेला अगदी खाली असतो, आणि माघात तो पहाटेच दिसतो. त्या वेळी जागं असून मोकळ्या रानात कोण उभं असतं? कंडक्टरांनी हे आधीच ताडलं होतं. मी मात्र म्हटलं, "सहा वाजता दार वाजवायची ही काय पद्धत?" ते म्हणाले, "पाचला वाजविनार व्हतो, पर तुमी वरडला असता."

अशी वर्षं गेली. पाचवं, सहावं, सातवं, आठवं. दरवर्षी मला विचारायचे, दरवर्षी मी नाही म्हणायचे. त्यात आमच्या दोघांचाही काहीतरी हट्ट होता. ते थकत चालले होते. वाचनालयाच्या तीन पायऱ्या चढून आले की आधी दाराला टेकायचे आणि मग 'पुढं सरका' म्हणायचे. पंचाचा आवाज हलका झाला होता. टेबल वाचलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं.

गेल्या साली दसऱ्यानंतर ते आले. मी वार्षिक अहवालात बुडालेली. त्यांनी कपाटातून वही काढली, कोपऱ्यात बसून काही तरी केलं आणि परत ठेवून दिली.

"यंदाचं कडवं झालं बरं का, बाई."

"कुणाचं?" मी मान वर न करता विचारलं.

"हाय एकाचं."

"बरं."

एवढंच आमचं शेवटचं बोलणं. मी मान वर करायला हवी होती. चार दिवसांनी त्यांना छातीत दुखायला लागलं म्हणून अंबाजोगाईला नेलं आणि तिथंच ते गेले. विहारासमोर सगळं गाव जमलं होतं. मीही गेले. एक बाई दुसरीला म्हणाली, "आता पुढं सरका कोन म्हननार गं?" आणि मला तिथं उभं राहवेना.

दिवाळी झाली. टोळ्यांचे ट्रॅक्टर चौकात लागले. भांडी, अंथरुणं, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, लेकरं, सगळं ट्रॉलीत चढत होतं. सकाळी दहाच्या सुमाराला रुक्मिणी धापा टाकत वाचनालयात आली.

"बाई, कडवं द्या. मामा म्हनले व्हते, वहीत हाय. ट्रॅक्टर सुरू करायलेत."

मी वही उघडली. आठ कडवी, आठ पानं. नववं पान कोरं होतं. त्यावर निळ्या काठाचा पांढरा रुमाल नीट घडी घालून ठेवलेला होता. दुसरं काही नाही.

माणसाला किती राग यावा? मी मोठ्यानं म्हटलं, "खोटारडा माणूस!" उभ्या जन्मात कुणाला बिनतिकीट नेलं नाही असं सांगणारा माणूस मला म्हणाला होता, कडवं झालं. वर रुक्मिणीलाही सांगून गेला. मी नाही म्हटलं होतं. दरवर्षी स्पष्ट नाही म्हटलं होतं. आता चौकात दोनशे माणसं थांबलेली, आणि खंड पडला तर गाडी फेल. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. मला रडू येत होतं आणि रागही जात नव्हता.

रुक्मिणी रुमालाकडं बघत होती. तिनं ओळखलं. "बाई," ती हळू म्हणाली, "जागा तुमची दिसतीय."

मी खुर्चीत बसले. रुमाल बाजूला केला. गाणं ज्या भाषेत होतं त्याच भाषेत लिहिलं, खाडाखोड न करता, कारण वेळच नव्हता :

येनार न्हाई म्हनलं मी, तरी जागा धरलेली,
धरनारा उतरून गेला, मी खिडकीत बसलेली.

चौकात मीच गायले. आवाज चिरका, सूर कुठल्या कुठं. कुणी हसलं नाही. धृपदाला सगळ्या ट्रॉल्या एकदम उठल्या, हलगी वाजली, आणि ट्रॅक्टर एकामागं एक तेलगावच्या रस्त्याला लागले. धूळ बसेपर्यंत मी उभी होते.

मग परत येऊन वाचनालय उघडलं. आता पुढच्या दिवाळीच्या आत कुणाच्या तरी मागं लागायचं काम माझ्या गळ्यात आहे. कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसणारे एक निवृत्त तलाठी आहेत, हट्टी, कुणाचं न ऐकणारे. त्यांना मी काल विचारलं. ते म्हणाले, "मला असल्या गोष्टी जमत नाहीत, आणि माझा विश्वासही नाही."

मी वादात पडले नाही. ते गेल्यावर वही काढली आणि रुमाल दहाव्या पानावर ठेवला.